डाव्या हाताचे तीन वेढे

अण्णासाहेबांची बिनआवाजाची गाडी ट्रॅक्टरला साखळीनं बांधून ख्वाजामियाँच्या दुकानासमोर आणली, तेव्हा परतूर रस्त्यावरच्या हॉटेलातली सगळी माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली. हसावं की नाही हे कुणाला ठरवता येईना. मंठ्यात राहून अण्णासाहेबांच्या गाडीला हसायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा टाकायचा. तरी मागून एकजण बोललाच, "आवाज तं आत्ता बी करून न्हाई राह्यली!"

गोष्ट दोन हजार नऊ सालच्या उन्हाळ्यातली. अण्णासाहेब म्हणजे मंठ्यातल्या मोठ्या जिनिंगचे मालक. गाडी त्यांनी थेट परदेशातून मागवली होती. अर्धी पेट्रोलवर चालायची, अर्धी करंटवर. हळू चालवली तर पाचोळ्याइतकाही आवाज नाही. अण्णासाहेबांना त्याची भारी मौज वाटायची. एखादा म्हातारा रस्त्यानं चालला असला की त्याच्या मागून गुपचूप गाडी न्यायचे आणि पाठीशी आली की भोंगा वाजवायचे. म्हातारा धोतर सावरत नालीत उतरला की यांचं पोट हसून दुखायचं.

त्यांच्या मुलीचं लग्न येत्या रविवारी होतं. नवरदेव भोकरदनकडच्या धावड्याचा. व्याह्यांनी सगळ्या धावड्यात सांगून ठेवलं होतं की आमच्या पोराची वरात बिनआवाजाच्या गाडीतून निघणार. आणि नेमकी सोमवारी गाडी मेली.

अण्णासाहेब जीपमधून उतरले. ख्वाजामियाँ स्टुलावर बसून जळक्या डायनामोत नवी तांब्याची तार भरत होता. तो उठला नाही.

"ख्वाजा, कंपनीवाले म्हणून राह्यले, पार्ट यायला दोन महिने लागतील. मला रविवारी पाहिजे."

"पाहतो."

"पाहतो न्हाई, करतो म्हण. याच्यातला इन्व्हर्टर गेलाय म्हणतेत. तू घरोघर इन्व्हर्टर बसवत हिंडतो ना? मंग?"

"नाडी पाहिल्याबिगर हकीम बोलत न्हाई, साहेब. कुणाच्या हातून गेली?"

"कुणाच्या म्हणजे? आमच्या ड्रायव्हरच्या. वावरात गाडी चालू होईना म्हणून त्या शिवाजीनं ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, ती बी उलटी. पोलिसात अर्ज दिलाय त्याच्या नावानं." अण्णासाहेबांनी पानाची पिंक टाकली. "तुमची वायरमन, ड्रायव्हर मंडळी सगळी एका माळेचे मणी. आळस अंगात मुरलेला. तुझा भाऊ न्हवता का तसाच? गेला जिवानिशी."

ख्वाजामियाँच्या हातातली तांब्याची तार तुटली. तो म्हणाला, "गाडी ठेवून जा."

पंधरा वर्षांपासून त्यानं एक शपथ पाळली होती. अण्णासाहेबांच्या कोणत्याही यंत्राला हात लावायचा नाही. माणसं म्हणायची, मियाँ, पाण्यात राहून मगरीशी वैर कशाला? तो म्हणायचा, मी पाण्यात न्हाई, मी काठावर बसलोय. मगर कधी वर येते ते पाहून राह्यलो.

आज मगर स्वतःच्या पायानं वर आली होती.

*

ख्वाजामियाँचा धाकटा भाऊ महेमूद अण्णासाहेबांच्या जिनिंगमध्ये वायरमन होता. काम शिकवलं होतं ख्वाजामियाँनंच, आणि शिकवताना पहिला नियम असा घालून दिला होता की मोटारीला हात लावायच्या आधी बोर्डावरच्या फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा उपसायच्या आणि आपल्या खिशात घालायच्या. बोर्डावर ठेवायच्या नाहीत, कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. ग्रिपा खिशात आहेत तोवर जीव आपल्या खिशात. महेमूद जेवायला बसला तरी कधी कधी त्याच्या खिशात चिनीमातीच्या ग्रिपा खुळखुळायच्या. लालबी, त्याची बायको, म्हणायची, पैसे वाजायच्या ऐवजी हे काय वाजवत हिंडता.

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत, कापसाच्या ऐन हंगामात, जिनिंगची मोटार बंद पडली. महेमूद मोटारीचं झाकण उघडून आत हात घालून बसला होता आणि करंट आला. ख्वाजामियाँ पळत गेला तेव्हा तिन्ही ग्रिपा महेमूदच्या खिशात होत्या. बोर्डावर ग्रिपांच्या जागी कुणीतरी तांब्याच्या उघड्या तारा गुंडाळल्या होत्या.

अण्णासाहेबांनी पोलिसांना सांगितलं, ग्रिपा खराब होत्या म्हणून सकाळी त्यानंच तारा लावल्या, आणि काम करताना काढायला विसरला. पंचांनी अंगठे उठवले. कागदावर लिहिलं गेलं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. लालबीच्या पदरी रांडपण आलंच, वर हा शिक्काही आला. विहिरीवर, दर्ग्यात, लग्नात, जिथं जाईल तिथं कुणीतरी हळहळायचं, बिचारा जरा ध्यान देऊन काम करता तं आज असता. मेलेल्याची कीव करता करता लोक त्याला रोज मूर्ख ठरवायचे.

ख्वाजामियाँनं त्या तारांपैकी एक सोडवून आणली होती. त्यानं ती कितीदा पाहिली असेल याचा हिशेब नाही. उजव्या हाताचा माणूस तार ज्या अंगानं वळवतो त्याच्या उलट्या अंगानं ती वळवलेली होती. डाव्या हाताचे तीन वेढे, आणि उरलेलं शेपूट आत दुमडून दाबलेलं, गोणपाटाच्या बोंदऱ्याचं तोंड बांधावं तसं. जिनिंगमधला एकूण एक माणूस त्यानं कामाला लावून पाहिला. कुणाला पुडी बांधायला दिली, कुणाला बैलाचं दावं. डावखुरा एकही निघाला नाही. मालकाचं नाव त्याच्या मनात यायचं, पण पुरावा कुठून आणायचा? मोठी माणसं आपल्या हातानं काही बांधत नाहीत. बांधलेलं त्यांच्यापुढं येतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी आला. गाडीकडं न पाहता ख्वाजामियाँजवळ उकिडवा बसला. तिशीतला पोरगा, दोन दिवसांत तोंड उतरून गेलं होतं.

"चाचा, खरं सांगू का? मी त्या दिवशी मालकीणबाईला जीपमध्ये घेऊन जांब समर्थला गेल्तो. लग्नाची पत्रिका देवापुढं ठेवायला. माघारी आलो तं गाडी वावरात उभी, अन् बोनेटमधून धूर. मालक म्हणले, तूच केलं. मी म्हणलो, मी तं हितं नव्हतोच. तं म्हणले, जास्त बोलला तं आत टाकीन."

"बाईला विचारायचं ना. त्या सांगतील."

"बाईनं खाली पाहिलं, चाचा. त्यांना बी त्याच घरात राह्यचंय."

"वावरात कोणता ट्रॅक्टर होता?"

"जुना विलायती. त्याला फक्त मालकच हात लावतेत. आम्हाला शिवू बी देत न्हाईत."

ख्वाजामियाँनं मान हलवली. तो ट्रॅक्टर त्याला माहीत होता. अण्णासाहेबांच्या वडिलांनी घेतलेला. सगळ्या गाड्यांची बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, त्या जुन्या विलायती ट्रॅक्टरची प्लसला. त्यावर हात बसलेला माणूस डोळे झाकून प्लसची तार बॉडीला लावणार. नव्या गाडीला तसं केलं की संपलं.

तो उठला. या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी मागं डिकीखाली, दोनशे व्होल्टची, तिच्या तारा नारिंगी. नारिंगी तार म्हणजे नागाचा फणा, हात लावायचा नाही. छोटी बॅटरी नेहमीसारखी बारा व्होल्टची. मोठ्या बॅटरीतला सरळ करंट मोटारीला चालेल असा फिरवून देणारा चंदेरी डबा पुढं बोनेटखाली, तोच इन्व्हर्टर. त्याच्याच पोटात छोट्या बॅटरीला चार्ज करणारा भाग असतो. छोट्या बॅटरीला उलटा करंट दिला की तो भाग जळतो. पण तो असा सहजासहजी जळायला नको होता. त्याच्या आधी एक जाडा फ्यूज असतो. राखणदारानं दारात मरावं आणि घर वाचवावं, तसं त्या फ्यूजचं काम.

मग राखणदार कुठं गेला?

ख्वाजामियाँनं फ्यूजच्या पेटीचं झाकण उचकटलं.

फ्यूज जळून फुटलेला होता. म्हणजे त्यानं आपलं काम केलं होतं. पण त्याच्या दोन पायांना जोडून कुणीतरी वरून तांब्याची तार गुंडाळली होती. राखणदार मेला म्हणून मालकानं दारच उघडं टाकलं होतं, आणि मग बॅटरी पुन्हा उलटी जोडून सगळं घर पेटवलं होतं.

त्यानं चष्मा पुसला आणि तोंड तारेजवळ नेलं.

डाव्या अंगानं वळवलेले तीन वेढे. शेपूट आत दुमडून दाबलेलं.

शिवाजीनं विचारलं, "काय झालं, चाचा?"

ख्वाजामियाँ बोनेटला धरून उभा राहिला.  रडला नाही. पंधरा वर्षं जे पाणी साठवलं होतं ते डोळ्यांवाटे वाया घालवायचं नव्हतं.

"शिवाजी, तुझे मालक सही कोणत्या हातानं करतेत?"

"उजव्या. शाळेत मास्तरनं छड्या मारून शिकवलं म्हणतेत. पण सही अन् जेवण सोडून बाकी सगळं डाव्यानं. पत्ते बी डाव्यानंच पिसतेत."

"बराबर," ख्वाजामियाँ म्हणाला. "बिलकुल बराबर."

तार त्यानं तशीच राहू दिली. पुण्यातल्या एका भंगारवाल्याला फोन लावला. तिकडं अशीच एक गाडी मागून ठोकर बसून भंगारात आली होती, तिचं पुढचं सगळं साबूत होतं. बुधवारी रात्रीच्या एसटीनं तिच्या इन्व्हर्टरचा खोका निघाला आणि गुरुवारी सकाळी मंठ्यात उतरला.

*

गुरुवारी दुपारी काम सुरू झालं. ख्वाजामियाँनं छोट्या बॅटरीची तार काढली. रबरी मोजे चढवले. डिकीतला नारिंगी प्लग उपसला. तो उपसला की मोठ्या बॅटरीचा रस्ता तुटतो. प्लग त्यानं आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला. मग दहा मिनिटं थांबला. डब्यात कंडेन्सर असतात, ते करंट पोटात धरून बसतात आणि हळूहळू सोडतात. दहा मिनिटांनी झाकणाचे बोल्ट काढले, मीटर लावलं. काटा झेप घेऊन दोनशेवर गेला.

जळका डबा होता. करंट बाहेर जायची वाटही आतल्या आत जळली होती. अर्धा तास थांबलं तरी तो तसाच फणा काढून बसणार. तो करंट उतरवायला ख्वाजामियाँ शंभरचा बल्ब आणि दोन तारा आणायला आत वळला, आणि तेवढ्यात जीप थांबली.

अण्णासाहेब आले ते तरातरा बोनेटपाशी. "निघाला का रे डबा? यात काय एवढं?" म्हणत त्यांनी झाकण उघडलेल्या डब्यात डावा हात घातला. बोट पुढं. आत पितळेचे दोन चकचकीत बोल्ट.

ख्वाजामियाँ दारात उभा होता. हातात बल्ब. तोंडातून एक शब्द काढला असता तरी पुरे होतं. त्यानं काढला नाही. एक श्वास गेला. काहीच करायची गरज नव्हती. फक्त उभं राहायचं होतं. कागदावर आपोआप लिहिलं गेलं असतं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. दुसरा श्वास गेला. बोट आणि बोल्ट यांच्यात चार अंगुळं उरली.

ख्वाजामियाँनं पुढं होऊन रबरी मोज्याचा हात असा हाणला की अण्णासाहेब दोन पावलं मागं जाऊन टायरांच्या थप्पीवर आदळले.

"माजला का तू? माझ्यावर हात?"

 ख्वाजामियाँनं बल्बच्या दोन तारा त्या दोन बोल्टांना टेकवल्या. बल्ब भगदिशी पेटला, दिवसाढवळ्या दुकानाच्या भिंती पिवळ्या झाल्या, आणि मग तांबूस होत होत विझला.

"हे तुमच्या अंगातून जाणार होतं."

अण्णासाहेबांना घाम फुटला. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "वाचवलंस रे, ख्वाजा. काय पाहिजे ते माग."

"वाचवलं न्हाई. ठेवलंय. तुम्ही गेले असते तं सांगितलं कुणी असतं?"

"काय सांगायचं?"

ख्वाजामियाँनं त्यांना फ्यूजच्या पेटीजवळ बोलावलं, तार दाखवली. मग गल्ल्यातून पंधरा वर्षांची काळी पडलेली तार काढली आणि शेजारी धरली. मोठ्या माणसाला समजवावं लागलं नाही. अण्णासाहेबांनी एका तारेकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं, आणि डावा हात हळूच खिशात घातला.

"हात लपवू नका," ख्वाजामियाँ म्हणाला. "माझ्या भावाचा खिसा तं पंचांनी उलटा करून पाहिला होता."

"पंधरा वर्षं झाली त्याला. कोणतं कोर्ट ऐकतंय तुझं?"

"कोर्टाला कोण विचारून राह्यलं? लालबीच्या अंगणात यायचं. गल्लीसमोर सांगायचं, तार कुणी लावली. शिवाजीचं बी तिथंच सांगायचं. मंग गाडी घेऊन जा."

"आणि न्हाई आलो तं?"

"तं वरात बैलगाडीत काढा. बैलाला फ्यूज लागत न्हाई."

अण्णासाहेब जीपमध्ये बसले आणि दार असं आपटलं की काच खळकन वाजली.

*

ख्वाजामियाँनं काम अर्धवट टाकलं नाही. वैर माणसाशी होतं, यंत्राशी नव्हतं. जळका डबा थंड ठेवणारं पाणी त्यानं काढून घेतलं, नारिंगी तारा एकेक सोडवून त्यांच्या तोंडांना चिकटपट्टी गुंडाळली, कोणती कुठली ते खडूनं लिहिलं, आणि शिवाजीच्या मदतीनं डबा उचलून खाली घेतला. डब्याच्या खालून जळक्या भुईमुगासारखा वास आला. पुण्याचा डबा बसवला. बोल्ट आवळले, नवा फ्यूज बसवला, थंड ठेवणारं पाणी भरलं, त्यातली हवा बुडबुडे यायचे थांबेपर्यंत काढली. शुक्रवारी दुपारी प्लग लावून बटण दाबलं. समोरच्या काचेखाली हिरवा दिवा लागला. शिवाजीनं गाडी दुकानाभोवती एक फेरी फिरवली. उंबऱ्यावर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

ख्वाजामियाँनं पुन्हा प्लग उपसला आणि खिशात टाकला.

त्याच संध्याकाळी अण्णासाहेब आले, आणि सोबत पांढरा फेटा बांधलेले एक गृहस्थ. धावड्याचे व्याही, काकासाहेब. लग्नाचं उरलंसुरलं बोलायला आले होते आणि गाडी पाहिल्याशिवाय जायला तयार नव्हते.

"हीच का ती?" काकासाहेबांनी गाडीच्या पाठीवर हात फिरवला. "मिस्त्री, झाली का दुरुस्त?"

"झाली."

"काय बिघडलं होतं म्हणायचं?"

ख्वाजामियाँनं अण्णासाहेबांकडं पाहिलं. "सांगू का, साहेब? काय बिघडलं, कसं बिघडलं? सगळं सांगायचं का थोडं?"

अण्णासाहेबांचा चेहरा पडला. पोलीस आणून दुकान उघडता आलं असतं, चार माणसं लावून खिशातला प्लग हिसकावता आला असता. पण व्याह्याच्या कानात गेलेला शब्द कोण काढणार? ते म्हणाले, "अहो, यंत्राचं काय ऐकायचं, काकासाहेब. चला, चहा घेऊ." मग मागं राहून ख्वाजामियाँच्या कानाशी पुटपुटले, "उद्या सकाळी. चार माणसांपुढं. पाच मिनिटांत मोकळं करायचं."

"जीप आणू नका," ख्वाजामियाँ म्हणाला. "महेमूदचा जनाजा बी पायीच नेला होता."

अण्णासाहेबांनी मान डोलावली. उद्या शनिवार, आणि मंठ्याचा आठवडी बाजार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाजाराला जायची त्यांना पंचवीस वर्षांत वेळच आली नव्हती. बाजार त्यांच्या घरी यायचा.

*

सकाळी नऊ वाजता बाजारात मिरच्यांचे ढीग लागले होते. त्या ढिगांमधून अण्णासाहेब चालत निघाले. दोन पावलं मागं ख्वाजामियाँ. जिनिंगचा मालक पायी, आणि तोही मियाँच्या गल्लीकडं! भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "मालक, गाडी कुठं?" त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मागं माणसं जमत गेली. गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा चार माणसांची चारशे झाली होती.

लालबी लिंबाखाली वाकळ शिवत बसली होती. ख्वाजामियाँनं तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं. ती उठली नाही. खुर्ची ठेवली नव्हती. अण्णासाहेब उन्हात उभे राहिले.

"हे बघ, लालबी," त्यांनी घसा खाकरला. "झालं ते वाईट झालं. चूक झाली."

लालबीनं सुई थांबवली नाही. "कुणाची?"

"माझी म्हण."

"मी कशाला म्हणू? तुम्ही म्हणा."

"माझी."

"काय केल्तं तुम्ही?"

 अण्णासाहेबांनी ख्वाजामियाँकडं पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, खिशावर हात ठेवून.

"कापसाच्या गाड्या बाहेर खोळंबल्या होत्या. शेतकरी बोंबलत होते. मला वाटलं, मोटार झाली असंल दुरुस्त. मी बोर्डाजवळ गेलो. ग्रिपा नव्हत्या."

"कुठं होत्या?"

"महेमूदच्या खिशात."

"म्हणजे त्यानं काढल्या होत्या. ध्यान ठेवून काढल्या होत्या. बराबर?"

"बराबर."

"मंग?"

"मंग मी तारा लावल्या."

"कोणत्या हातानं?"

अण्णासाहेबांनी डावा हात वर केला. कोपरापर्यंतच. मागचे लोक टाचा उंचावून पाहू लागले.

"तारा लावायच्या आधी हाक मारली त्याला? महेमूद, हात काढ म्हणून?"

"न्हाई."

"आणि पोलिसाला काय सांगितलं?"

"त्यानंच लावल्या म्हणून."

लालबीनं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला. मग पहिल्यांदा मान वर केली. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून. ती समोरच्या ओट्यावर मालनबाई बसलीय ना, तिला कमी ऐकू येतं. मालनबाई चांगली बाई हाये, पण पंधरा वर्षं झाली, मला म्हणून राह्यली, 'तुझ्या माणसानं जरा ध्यान दिलं असतं तं, बाई.' तिला ऐकू गेलं पाहिजे."

अण्णासाहेबांनी पुन्हा सांगितलं. आवाज वाढवून. ओट्यावरच्या म्हाताऱ्या मालनबाईनं कानाला हात लावला. "काय म्हणून राह्यले, गं? कुणाचं लगीन?"

कुणी हसलं नाही.

"अजून जोरात," लालबी म्हणाली.

तिसऱ्यांदा अण्णासाहेब ओरडले. मानेच्या शिरा फुगल्या. "मी तारा लावल्या! महेमूदनं न्हाई! मी!" गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मिरच्या मोजणाऱ्या माणसानं तराजू खाली ठेवला. मालनबाईनं तोंडावर पदर धरला आणि मान खाली घातली. ऐकू गेलं होतं.

"आता शिवाजीचं," भिंतीजवळून ख्वाजामियाँ म्हणाला.

तेही सांगून झालं. गाडी मी जाळली, पोरानं नाही, अर्ज आज माघारी घेतो. शिवाजी गर्दीत मागं उभा होता. कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली. अण्णासाहेब मोठ्यानं म्हणाले, "सोमवारपासून ये कामाला." शिवाजी म्हणाला, "दुसरा पाहा, मालक. तुमच्याकडं राह्यचं तं पाठीला बी डोळे लागतेत."

आता मात्र लोक हसले. पंधरा वर्षांचं, वीस वर्षांचं, भोंग्याला दचकून नालीत उतरलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं हसू एकदम बाहेर आलं.

अण्णासाहेबांनी लालबीपुढं हात जोडले. "मला माफ कर."

"माफीसाठी मी बोलावलं न्हवतं," लालबी म्हणाली. "सांगायसाठी बोलावलं होतं. सांगितलं. आता जा."

ऊन डोक्यावर आलं होतं. ओरडून ओरडून अण्णासाहेबांच्या घशाला कोरड पडली होती. ओठ पांढरे झाले होते. त्या गल्लीत दारी आलेल्या फकिरालाही कुणी पाण्याशिवाय परत पाठवत नसे. ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "थोडं पाणी…"

लालबीनं सुईत नवा दोरा ओवला. "नळ हाये तिकडं, कोपऱ्यावर. सगळ्यांचा हाये."

कोपऱ्यावरच्या नळाला दोन दिवसांनी पाणी आलं होतं. बायका हंडे, कळश्या, डबडी घेऊन रांगेत उभ्या होत्या, चौदा-पंधरा तरी असतील. अण्णासाहेब तिथं जाऊन उभे राहिले आणि वाट पाहू लागले की कुणीतरी म्हणेल, या मालक, तुम्ही आधी घ्या. एकीनं हंडा नळाखाली सरकवला. दुसरीनं आपली कळशी पुढं केली आणि त्यांच्याकडं न पाहता म्हणाली, "नंबर मागून."

अण्णासाहेब मागं गेले आणि रांगेच्या टोकाला उभे राहिले.

प्लग लावायला ख्वाजामियाँ लगेच दुकानात जाऊ शकला असता. तो गेला नाही. लिंबाच्या सावलीत भिंतीला टेकून, अण्णासाहेबांचा नंबर येईपर्यंत तो एकेक हंडा भरताना पाहत उभा राहिला.